डिस्क रिकामी नव्हती : पंचवटीतल्या एका ४८६ चं प्रकरण

पंचवटीतलं ते ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला पीसी, आमच्या टेबलावर पहिल्यांदा सुरू झालं, त्याच रविवारी त्याच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार होतं. दहा मिनिटांचा प्रश्न होता. पुसणारे आम्हीच, आणि वर आम्हाला वाटत होतं की आपण मशीनवर उपकार करतोय.

आम्ही म्हणजे नाशिकमधले पाच जण. रविवारी सकाळची मिसळ झाली की गंगापूर रोडला एका गच्चीवरच्या खोलीत जमतो. लोकांनी भंगारात काढलेले पीसी आणायचे, दुरुस्त करून उभे करायचे आणि त्यांवर विंडोज सोडून दुसरं काहीतरी चालवून बघायचं, हा आमचा नाद. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येकाचं दैवत वेगळं. एकाचं आयबीएमची ओएस/२. १९९४ ची तिची ‘वॉर्प’ आवृत्ती त्याच्या लेखी शेवटची सुसंस्कृत ऑपरेटिंग सिस्टिम. आयबीएमने २००६ च्या ३१ डिसेंबरला तिचा सपोर्ट थांबवला, याने अजून थांबवलेला नाही. दुसरा अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशिनांचा मेंटेनन्स बघतो. तिथली काही जुनी मशिनं अजून विंडोजच्या आधीच्या डॉसशिवाय कुणाचं ऐकत नाहीत, म्हणून त्याचा जीव फ्रीडॉसवर. तिसरी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या पेंटियम थ्रीवर हायकू आहे; बीओएस नावाची सिस्टिम बंद पडल्यावर २००१ पासून हौशी मंडळींनी ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली, ती ही. माझं नेटबीएसडी. पाचवे अण्णा. बँकेतून निवृत्त, बँकांत लेजर पोस्टिंगची मशिनं आली तेव्हा त्यांवर बसलेले. त्यांची कुठलीच ऑपरेटिंग सिस्टिम नाही. ते चहाला आणि चुका काढायला येतात.

मशीन ज्यांचं, ते रामकुंडाजवळचे तीर्थोपाध्याय. गोदेवर आलेल्या यजमानाला गाव आणि आडनाव विचारायचं आणि त्याच्या पणजोबाचा लेख असलेलं पान वहीतून काढून समोर ठेवायचं, हे या घराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. जुन्या वह्या मोडीत आहेत. कुठल्या गावचं कोणतं घराणं कुठल्या वहीत, हे सगळं गुरुजींच्या डोक्यात. त्यांच्या धाकट्या भावाला ते कॉम्प्युटरात उतरवायचा ध्यास होता. १९९५ साली त्यांनी हे मशीन घेतलं, पुण्याच्या सी-डॅकने काढलेलं गिस्ट कार्ड त्यात बसवून घेतलं (डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची ती या कार्डामुळे) आणि चार वर्षं रात्री बसून सूची भरली: गाव, आडनाव, मूळ पुरुष, वही, पान, शेरा. ते आता नाहीत.

मशीन माडीवर होतं म्हणून राहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्याशी टेकलं, तेव्हा वह्या खालून वर नेल्या गेल्या. कॉम्प्युटर आधीच वर होता, कुणाच्या लक्षातही नव्हता. मधल्या काळात कधीतरी तो दुरुस्तीला गेला होता. दुरुस्त करणाऱ्याने ‘हे कार्ड आता लागत नाही’ म्हणून गिस्ट काढून ठेवलं, ते कायमचंच.

भावाचा मुलगा रिक्षात मशीन घालून आला तेव्हा म्हणाला, “काकांनी सांगितलंय, सिंहस्थाच्या आत बाबांची यादी निघत असली तर बघा. नाहीच निघाली तर मशीन तुमच्याकडेच राहू द्या.” पुढचा सिंहस्थ २०२७ चा, म्हणजे पहिल्या वाक्यात मुदत होती. आम्हाला दुसरं वाक्य जास्त मोठ्याने ऐकू आलं.

आधी बॅटरी

झाकण उघडल्यावर आधी नाकाला कळलं. मदरबोर्डच्या कोपऱ्यात निळ्या वेष्टनातली, पिंपासारखी, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती म्हातारी झाली की गळते, आणि गळतं ते अल्कली, तांब्याच्या बारीक ट्रॅक खाऊन टाकणारं. हिरवट चट्टा कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत पोचला होता. बॅटरी कापून काढली, पांढऱ्या व्हिनेगरने चट्टा पुसला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं आणि बोर्ड आठवडाभर वाळू दिला. एक ट्रॅक तुटली होती, तिला सीएनसीवाल्याने केसाएवढ्या वायरचा टाका मारला. नवी बॅटरी बोर्डावर लावली नाही. तीन पेन्सिल सेलांचा होल्डर बाहेरून जोडला, मध्ये डायोड टाकला, म्हणजे बोर्ड त्या साध्या सेलांना चार्ज करायला जाणार नाही. जुनं मशीन घरी असेल तर बाकी काही करू नका, पण ही बॅटरी आज काढा.

पॉवर सप्लायचे दोन प्लग शेजारी शेजारी बसतात आणि त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळतो. काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून, हे सीएनसीवाला दर वेळी मोठ्याने म्हणतो. मंत्रासारखं. आम्ही हसतो, पण आजवर त्याच्या हातून एकही बोर्ड गेलेला नाही.

बॅटरी मेली की सेटअपमधली माहिती पुसली जाते. या मशीनच्या बायोसला, म्हणजे सुरू होताच चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रामला, डिस्क आपणहून ओळखता येत नव्हती. सिलिंडर, हेड, सेक्टर हे डिस्कच्या मापाचे आकडे हाताने भरावे लागत. डिस्कच्या लेबलावर होते: ८२६, १६, ६३. एक सेक्टर ५१२ बाइटचा. आकडे बरोबर भरले का हे बघायला विद्यार्थिनीने फळ्यावर गुणाकार मांडला. उत्तर आलं ४२,६२,९५,२९६. ते तिने पुसलं नाही, हे आमचं नशीब.

जमा आणि शिल्लक

डिस्कवरून मशीन सुरू करायचं नाही, एवढं शहाणपण आमच्याकडे होतं. जुनी डिस्क, आतलं माहीत नाही, सुरू होताना त्यावर काय लिहिलं जाईल सांगता येत नाही. म्हणून फ्रीडॉसची फ्लॉपी घातली. मायक्रोसॉफ्ट आता डॉस बंद करणार असं दिसायला लागल्यावर जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने १९९४ च्या जूनमध्ये हा उद्योग सुरू केला. बायोस असलेल्या जवळपास कुठल्याही पीसीवर तो आजही उठतो. इथेही उठला. सी ड्राइव्ह दिसला. सीएनसीवाल्याने डिर मारलं, म्हणजे फायलींची यादी मागितली.

तीन किरकोळ फायली. मिळून ९८ हजार बाइट. खाली, शिल्लक २३ लाख.

“ही पुसलेली आहे रे,” वॉर्पवाला म्हणाला. “दुरुस्तीला गेली होती ना? तिथेच पुसली असणार.” त्याच्या आवाजात दुःख होतं, पण हात फ्लॉप्यांच्या डबीकडे गेला होता. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ६६ मेगाहर्ट्‌झचं ४८६, आठ एमबी मेमरी, १९९५ चं मशीन: वॉर्प ३ साठी याहून योग्य घर कुठलं? पेंटियमवर ती चालवणं म्हणजे नऊवारीवर बूट. त्याने बूट फ्लॉपी हातात घेतली. मी मान डोलावली. सीएनसीवाला म्हणाला, “आधी एफडिस्क करून घे,” म्हणजे डिस्क नव्याने आखून घे. कुणीही ‘थांब’ म्हणालं नाही.

अण्णा फळ्याकडे बघत होते.

“जमा बेचाळीस कोटी,” ते म्हणाले. “खर्च अठ्ठ्याण्णव हजार. शिल्लक तेवीस लाख. मधले बेचाळीस कोटी कुणी खाल्ले?”

आम्ही पडद्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. डिस्क खरंच पुसलेली असती तर शिल्लक बेचाळीस कोटींच्या घरात दिसायला हवी होती. विद्यार्थिनीने कीबोर्ड ओढून घेतला आणि डिरला स्लॅश ए जोडलं, म्हणजे लपवलेल्या फायलींसकट सगळं दाखव. यादी थोडी वाढली. त्यात एकच फाइल जवळपास सगळ्या डिस्कएवढी: नाव ड्राइव्हस्पेस, शेवटी तीन शून्यं.

चहा गार झाला. वॉर्पवाल्याने फ्लॉपी डबीत परत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं.

हे ड्राइव्हस्पेस काय, हे आता फार थोड्यांना आठवतं. डिस्क महाग होती त्या काळात डॉसमध्येच फायली दाबून ठेवायची सोय आली. १९९३ च्या डॉस ६.० मध्ये तिचं नाव डबलस्पेस होतं. स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सने पेटंटवरून मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, १९९४ मध्ये ज्यूरीने १२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, ६.२१ मधून सोय गायब झाली आणि ६.२२ मध्ये ती नव्या नावाने परतली. तिची युक्ती अशी: तुमचा सगळा सी ड्राइव्ह दाबून एका लपलेल्या फायलीत कोंबायचा, आणि डॉस सुरू होतानाच ती फाइल उघडून तिलाच ‘सी’ म्हणून उभं करायचं. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण हे करणारा तुकडा मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये आहे. फ्रीडॉसला ती फाइल म्हणजे नुसतं एक गाठोडं. ओएस/२ लाही तेच, माझ्या नेटबीएसडीलाही तेच. डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये म्हणून आम्ही परकी सिस्टिम आणली, आणि त्या परकेपणामुळेच भरलेलं घर आम्हाला रिकामं दिसलं.

पाहुण्याने कुठे उतरायचं

त्यानंतरचा अर्धा तास वादात गेला. वॉर्पवाल्याचं म्हणणं, फाइल बाहेर काढून घ्या आणि मशीन मोकळं करा, त्यासाठीच ते आपल्याकडे आलंय. विद्यार्थिनी म्हणाली, मशीन लागतंच कशाला? डिस्कची प्रत काढा, एमुलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवा. माझं मत तेव्हा बनलं आणि अजून तेच आहे: दुसरी सिस्टिम मशीनवर जरूर आणावी, पण मूळच्या डिस्कवर तिने पाय ठेवू नये. तिने आपलं अंथरूण आपण आणावं. आजच्या काळात हे अवघडही नाही. कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड आतून आयडीई, म्हणजे त्या काळच्या जोडणीच्या, डिस्कचीच भाषा बोलतं. चाळीस पिनांचा साधा अडॅप्टर लावला की ४८६ ला ते डिस्क वाटतं. सिस्टिम बदलायची तर कार्ड बदलायचं. एवढं असताना कुणाची डिस्क पुसायची वेळ येतेच का? आम्हाला सवय लागली होती म्हणून. भंगारातून आलेल्या डिस्का आम्ही बेधडक पुसत आलो होतो. त्यांत कुणाचं काय होतं, हे आता कळायला मार्ग नाही.

तर आधी प्रत. यूएसबीची सोपी वाट करून पाहिली. कन्व्हर्टरला डिस्क दिसलीच नाही. शेवटी माझं पेंटियम १३३ काढलं, कारण त्याच्या बोर्डावर खरा आयडीई पोर्ट आहे. नेटबीएसडी १९९३ पासून चालू आहे आणि ‘अर्थातच चालतं’ हेच तिचं ब्रीद. जुन्या हार्डवेअरशी तिचं वागणं घरातल्या म्हाताऱ्यांशी वागावं तसं असतं. ४८६ च्या आधीच्या ३८६ ला लिनक्सच्या कर्नलने २०१२ च्या डिसेंबरात निरोप दिला, नेटबीएसडीने तर त्याच्याही आधी. तरी आमच्यासारख्यांची सोय नेटबीएसडीकडे जास्त, असं मला वाटतं. डिस्क दुसऱ्या केबलवर लावली, माउंट केली नाही, म्हणजे सिस्टिमला तिच्यातल्या फायली उघडू दिल्या नाहीत, आणि डीडीरेस्क्यू सोडलं. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि मग त्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. सरळ ओळीने प्रत काढणारं साधं डीडी वापरलं असतं तर ते पहिल्याच खराब सेक्टरवर थांबलं असतं.

एकूण ८,३२,६०८ सेक्टर. पहिल्या फेरीत ४१ अडले. दुपारभर प्रयत्न करून दोन निघाले. महिना जानेवारीचा होता. निफाडला पारा कुठवर उतरला याच्या बातम्या रोज येत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला खोलीच्या खिडक्या उघड्या टाकून, मफलर बांधून, थंडगार डिस्कवर पुन्हा फेरी लावली. आणखी पंचवीस निघाले. थंडीनेच निघाले असं छातीठोक सांगणार नाही. १४ मात्र गेले ते गेलेच.

मग ती प्रत ५१२ एमबीच्या कार्डावर जशीच्या तशी उतरवली. कार्डाची निवड जपून करावी लागली. या काळातल्या बायोसला १०२४ सिलिंडरांपलीकडचं दिसत नाही. १६ हेड आणि ६३ सेक्टर धरले तर कमाल ५२,८४,८२,३०४ बाइट. ५१२ चं कार्ड त्या कुंपणाच्या आत बसतं. बायोसमध्ये मात्र कार्डाचे आकडे भरले नाहीत, डिस्कचेच भरले: ८२६, १६, ६३. मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत गेली, पिशवीवर तारीख आणि ‘हात लावू नये’. अण्णांचं अक्षर.

आता मशीन आपल्याच डॉसवरून उठलं, पण आपल्या डिस्कला न शिवता. ड्राइव्हस्पेसने गाठोडं सोडलं आणि सी ड्राइव्हवर सगळं घर उभं राहिलं. विंडोज ३.१, कुंडलीचं एक सॉफ्टवेअर, मुलांचे खेळ, याद्या ठेवायचा फॉक्सप्रो हा प्रोग्राम आणि ‘वही’ नावाची डिरेक्टरी.

विद्यार्थिनीने त्याच दिवशी तीच प्रत तिच्या लॅपटॉपवर ८६बॉक्स नावाच्या एमुलेटरमध्ये, तेच तीन आकडे भरून, उठवून दाखवली. वीस मिनिटांत. मला थोडं लागलं, पण दाखवली.

रेषा, कोपरे आणि एक भरीव चौकोन

भावाचा मुलगा त्या रविवारी मुद्दाम आला. फॉक्सप्रोमध्ये सूची उघडली, ब्राउझ केलं. पडदा चौकटींच्या तुकड्यांनी भरून गेला. उभ्या रेषा, आडव्या दुहेरी रेषा, कोपरे, मधूनच भरीव ठोकळे. इंग्रजी अक्षर औषधालाही नाही.

“हे बाबांनी टाइप केलं?” त्याने विचारलं.

सीएनसीवाल्याला वाटलं, फाइल फाटली. मलाही आधी तसंच वाटलं होतं, पण गावाच्या रकान्यात एक गंमत होती. पाच चिन्हांचा एकच गुच्छ पुन्हा पुन्हा येत होता:

╞┌╒█│

फाटलेल्या फायलीत कचरा असतो, आणि कचरा असा शिस्तीने परत परत येत नाही. फॉक्सप्रोलाच विचारून त्या पाच चिन्हांचे क्रमांक काढले: १९८, २१८, २१३, २१९, १७९. पाच चिन्हं, आणि पंचवटीतल्या सूचीत सारखं येणारं गाव.

गिस्ट कार्डावर जे टाइप व्हायचं ते इस्की या कोडमध्ये साठायचं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तो आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण केला. त्यात इंग्रजीला तिची जागा सोडून वरच्या अर्ध्यात, १६१ पासून २५० पर्यंत, आपली वर्णमाला ओळीने बसवली आहे. कार्ड असलं की पडद्यावर देवनागरी. कार्ड काढलं की तेच क्रमांक साध्या पीसीच्या अक्षरसंचातली चित्रं बनतात, आणि त्या संचाच्या वरच्या भागात चौकटी काढायच्या रेषा भरलेल्या आहेत. १९८ म्हणजे न. २१८ काना. २१३ श. २१९ पहिली वेलांटी. १७९ क.

मुलाने एक एक क्रमांक बोटाने दाखवत ते वाचलं. मग खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “आणि हे?”

एक शंका उरली होती, आणि मराठी डीटीपी केलेल्या कुणालाही ती आली असती. त्या काळात मराठी मजकूर दोन तऱ्हांनी साठायचा. एक इस्कीसारखा, उच्चाराच्या क्रमाने. दुसरा फॉन्टच्या तुकड्यांचा, डोळ्याला दिसतो त्या क्रमाने, आणि त्यात प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. दुसऱ्या प्रकारातून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण कोडमध्ये, येणं म्हणजे डोकेदुखी. इथे निकाल वेलांटीने लावला. ‘शि’ लिहिताना वेलांटी कागदावर आधी येते, पण फायलीत २१३ आधी होता आणि २१९ नंतर. म्हणजे श, मग इ. उच्चाराचा क्रम. इस्कीच. युनिकोडनेही देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली, त्यामुळे आमचं काम बरंचसं एका तक्त्याचं होतं.

सूची एका फ्लॉपीवर मावली. विद्यार्थिनीने पायथनमध्ये तक्ता लिहिला. पहिल्या दिवशी दोन खोड्या निघाल्या. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट, युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ रूपात तीन. ‘त्र्यंबकेश्वर’ इस्कीत १३ बाइटांत बसतो, बाहेर आला की ३९ चा होतो, आणि गावाचा रकाना २४ चा. परत त्याच फायलीत लिहिलं तर त्र्यंबकेश्वरचं अर्धं देऊळ बाहेर. म्हणून जुनी फाइल जशी आहे तशी ठेवली आणि नवी यादी वेगळ्या तक्त्यात काढली.

दुसरी खोडी मुलाने पकडली. छापील कागद वरपासून वाचत होता, एके ठिकाणी थांबला. “हे ‘गोर्हे’ कोण? आमचे यजमान गोऱ्हे आहेत.” इस्कीत या अर्ध्या र साठी वेगळी सोय आहे: २०८ म्हणजे ऱ, त्यापुढे हलंत. विद्यार्थिनी तक्ता भरताना २०८ ला साधा र समजून मोकळी झाली होती. एक ओळ बदलली. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे सगळे आपापल्या घरी परतले. हिंदीवाल्याने हा तक्ता तपासला असता तर त्याला यात चूक दिसली नसती, हे तिला मी दोनदा सांगितलं. तिने एकदाच ऐकलं.

हिशेब जुळला, पण

फाइल पूर्ण आली का, हे अण्णांनी आपल्या पद्धतीने तपासलं. अशा फायलीची रचना वहीसारखीच असते. आरंभी ३२ बाइटांचं मुखपृष्ठ, मग प्रत्येक रकान्याच्या वर्णनाला ३२, एक खुणेचा बाइट, आणि त्यापुढे सगळ्या नोंदी सारख्या लांबीच्या. रकाने सहा, म्हणजे सुरुवात २२५ ची. नोंदीची लांबी १०३, त्यातला पहिला बाइट ‘ही नोंद रद्द आहे का’ हे सांगणारा. नोंदी ११,४१२. शेवटी एक समाप्तीचा बाइट. अण्णांनी कागदावर मांडलं: ११,७५,६६२. डिरने दाखवलं: ११,७५,६६२. त्यांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या, बँकेत ओढत तशा.

आणि तरीही मधोमध भोक निघालं. त्या १४ सेक्टरांपैकी १३ खेळांत आणि मोकळ्या जागेत होते, पण एक सूचीतच पडला होता. एरवी एक सेक्टर गेला तर ५१२ बाइट जातात, पाच-सहा नोंदी. पण ड्राइव्हस्पेस आठ-आठ केबीचा गठ्ठा करून एकत्र दाबतं, आणि दाबलेल्या गठ्ठ्याचा एक कोपरा फाटला की तो अख्खा गठ्ठा उलगडत नाही. ८,१९२ भागिले १०३, म्हणजे ऐंशीच्या आसपास नोंदी कचरा. अण्णा दोन रेघांकडे बघत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लांबी जुळली म्हणजे मजकूर जुळला असं नव्हे. बँकेतही हेच व्हायचं.”

बॅकअपच्या फ्लॉप्या होत्या, पण नाशिकच्या किती पावसाळ्यांचा ओलावा त्यांनी पिऊन घेतला होता. चकत्यांवर बुरशीची नक्षी. ड्राइव्हचं हेड खराब होईल म्हणून त्या घातल्याच नाहीत.

कामाला आला तो भावाचा स्वभाव. त्यांनी सूची वहीच्या क्रमाने भरली होती, पान उलटत, एकही न गाळता. भोकाच्या अलीकडची शेवटची धड नोंद वही ३७, पान ११२. पलीकडची पहिली वही ३७, पान १५९. म्हणजे हरवलं ते एवढंच, आणि कुठे शोधायचं तेही कळलं.

पुढचा रविवार आम्ही गंगापूर रोडला नाही, पंचवटीत माडीवर काढला. गुरुजींनी सोवळ्याच्या कपाटातून ३७ नंबरची वही काढली, लाल कापड सोडलं आणि मोडी वाचत गेले. मुलगा लॅपटॉपवर टाइप करत होता. मोडीत काना-वेलांट्यांची हयगय असते. गुरुजी शब्दापाशी क्षणभर थांबायचे आणि मग ते गाव ठामपणे सांगायचे. ७९ नोंदी, साडेतीन तास. मध्ये एकदा त्यांनी आम्हाला विचारलं, “तुमच्यातला तो कोण, ज्याला मशीन पुसायचं होतं?” वॉर्पवाल्याने हात वर केला. मग मीही केला.

मशीन आता आमच्याच खोलीत आहे, घरच्यांनी ते परत घेतलं नाही. त्याला दोन कार्डं आहेत. एकावर भावाचं डॉस. दुसऱ्यावर वॉर्प, कारण वॉर्पवाल्याचा हट्टही तसा रास्तच होता. साध्या कार्डाला ती डिस्क मानेना. शेवटी सीएनसीवाल्याने मशिनांत वापरतात तसं इंडस्ट्रियल कार्ड आणलं, ते स्वतःची ओळख कायमची डिस्क अशी करून देतं. आठ एमबीत ती उठायला जवळजवळ चार मिनिटं घेते. तेवढ्यात तो चहा टाकतो. डॉस चालवावं ते ओएस/२ ने, खुद्द डॉसपेक्षा चांगलं, असं आयबीएमचं तेव्हा म्हणणं असे. तो फॉक्सप्रोवर त्याची परीक्षा घेतोय.

छापील यादी गुरुजींना दिली तेव्हा त्यांनी गावं बघितली नाहीत, ती त्यांना पाठच होती. ते शेवटच्या रकान्यावर गेले. शेऱ्यात भावाने जागोजाग बारीकसारीक लिहून ठेवलं होतं: शाई पुसट, दोन लेख एकाच पानावर, नाव खोडले आहे. आणि बऱ्याच ठिकाणी, रकाना वीस चिन्हांचाच असल्याने आखडून: ‘दादांस विचारणे’. दादा म्हणजे गुरुजी. त्यांनी मुलाला विचारलं, असे किती. विद्यार्थिनीने तिथेच शोधून सांगितलं, ४६.

“एवढ्याच वेगळ्या छापून दे,” गुरुजी म्हणाले.

गेल्या रविवारपर्यंत त्यांतल्या १५ ची उत्तरं त्यांनी लिहून पाठवलीत, पेन्सिलीने, समासात. पुढचा कागद या आठवड्यात येईल.